प्लेन्सचे जिमी कार्टर



दाक्षिणात्य हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें कावेरीचें खोरें येतें, मद्रासचा समुद्रकिनारा येतो. आज ज्या दाक्षिणात्याची आठवण मला सांगावयाची आहे त्याची दक्षिण निराळी. ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतली दक्षिण. कापसाची, भुईमुगाची, तांबड्या मातीची, आणि एके काळीं गुलामांच्या घामावर उभी राहिलेली. त्या भागांतील जॉर्जिया संस्थानांत प्लेन्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. वस्ती हजाराच्याही आंत. तेथें १ ऑक्टोबर १९२४ रोजीं जन्मलेले आणि तेथेंच २९ डिसेंबर २०२४ रोजीं, शंभरी पुरी करून, निवर्तलेले जिमी कार्टर यांच्याविषयीं मी बोलणार आहें.

मधल्या शंभर वर्षांत ते आरमारांत अधिकारी झाले, शेतकरी झाले, आपल्या संस्थानचे गव्हर्नर झाले, आणि १९७७ पासून १९८१ पर्यंत चार वर्षें अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांच्याविषयीं एक ठराविक वाक्य नेहमीं ऐकूं येतें : अध्यक्ष म्हणून फसले, माजी अध्यक्ष म्हणून गाजले. वाक्य सोयीचें आहे, परंतु त्यानें माणूस हातीं लागत नाहीं. एकाच माणसाच्या आयुष्याचे असे दोन तुकडे करून एक टाकून द्यावा आणि दुसरा देव्हाऱ्यांत ठेवावा, हें मला मान्य नाहीं. दोन्ही तुकड्यांतला माणूस एकच होता, आणि तो समजून घ्यावयाचा तर त्याच्या गांवीं गेलें पाहिजे.

दक्षिणेकडील माणसाचा जिव्हाळा त्या देशांत म्हणीसारखा झाला आहे. वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसालाही रामराम करावा, दारीं आलेल्यास खाल्ल्याप्यायल्यावांचून जाऊं देऊं नये, कोणाच्या घरीं मयत झाली तर घरोघरचा स्वयंपाक तिकडे पोंचवावा, असा तेथील रिवाज. तो खोटा नव्हे, खराच आहे. पण त्या जिव्हाळ्याला एक कुंपण होतें. कृष्णवर्णी माणसानें गोऱ्याच्या घरीं यावयाचें तें परसदारानें. पुढचें दार त्याला बंद. शाळा वेगळी, देऊळ वेगळें, आगगाडीचा डबा वेगळा. ज्यांनीं आपल्याकडचीं जुनीं गांवें पाहिलीं आहेत, गांवकूस आणि गांवकुसाबाहेरची वस्ती हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हें फोडून सांगण्याचें कारण नाहीं. प्रेमळ माणसें आणि असलें कुंपण, दोन्ही एकाच अंगणांत सुखानें नांदूं शकतात. कार्टर यांचें आयुष्य म्हणजे मला तें कुंपण ओलांडण्याची गोष्ट वाटते. त्यांनीं तें पुष्कळ उशिरा ओलांडलें, हेंही सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

कार्टर चार वर्षांचे होते तेव्हां त्यांचे वडील अर्ल यांनीं प्लेन्सपासून अडीच-तीन मैलांवर, आर्चरी येथें, शेतावर बिऱ्हाड नेलें. घरांत वीज नव्हती, नळ नव्हता. आजूबाजूची वस्ती बहुतेक सारी कृष्णवर्णी. त्यांतलीं कित्येक कुटुंबें अर्ल यांच्याच जमिनीवर मजुरी करीत किंवा अर्धेलीनें शेत कसत. मुलाचे सवंगडी त्याच झोंपड्यांतले. आईवडील परगांवीं गेले कीं हा मुलगा जॅक आणि रेचल क्लार्क या कृष्णवर्णी दांपत्याच्या झोंपडींत जमिनीवर अंथरूण टाकून निजे. गळ कसा टाकावा, नदीकांठचीं पांखरें कशीं ओळखावीं, हें त्याला रेचलबाईंनीं शिकविलें. आईवडिलांखेरीज ज्या पांच माणसांचा आपल्या बालपणावर ठसा उमटला त्यांत गोरे अवघे दोन होते, असें कार्टर यांनीं उतारवयांत लिहून ठेविलें आहे.

पांचसहा वर्षांचा असतांनाच हा पोर शेतांतल्या ओल्या शेंगा उपटी, धुई, मिठाच्या पाण्यांत उकडी, आणि त्यांच्या पुड्या बांधून प्लेन्सच्या रस्त्यांवर विकी. पुडीला पांच सेंट. उकडलेल्या शेंगांची चव आपल्याला सांगावयास नको. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागांतल्या लोकांना तिचें फार नवल, आणि पुढें हा गृहस्थ अध्यक्षपदासाठीं उभा राहिला तेव्हां 'भुईमूगवाला' म्हणून त्याची थट्टाही झाली. त्यानें थट्टा अंगाला लावून घेतली नाहीं. उलट भुईमूग हीच आपल्या प्रचाराची खूण केली.

आपण नभोवाणीवर भेटत आहों, तेव्हां रेडिओचीच एक गोष्ट सांगतों. आर्चरीच्या घरीं बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. १९३८ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्क येथें जो लुई या कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्याची जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशीं लढत व्हावयाची होती. दोन वर्षांपूर्वीं श्मेलिंगनें लुईला हरविलें होतें. त्यामुळें साऱ्या देशाचे कान तिकडे लागले होते. शेतावरच्या लोकांनीं अर्लसाहेबांना विचारलें, आम्हांला ऐकावयास मिळेल काय? अर्ल यांनीं रेडिओ खिडकींत ठेविला, आणि मंडळी बाहेर अंगणांत झाडाखालीं उभी राहिली. लढत पहिल्याच फेरींत आटोपली. लुईनें श्मेलिंगला लोळविला. अंगणांतून हूं कीं चूं नाहीं. सगळ्यांनीं शांतपणें साहेबांचे आभार मानले, रस्ता ओलांडला, आगगाडीचे रूळ ओलांडले, पलीकडच्या एका घरांत शिरून दार लावून घेतलें. आणि मग त्या घरांतून जो आनंदाचा कल्लोळ उठला तो रात्रभर थांबला नाहीं. घरांत बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलानें ती अंगणांतली शांतताही ऐकली आणि तो कल्लोळही ऐकला. कार्टर यांनीं हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. दक्षिणेच्या रीतिभातीवर लिहिलेला एखादा जाडजूड ग्रंथ वाचून जें कळणार नाहीं तें या एका रात्रीच्या हकीकतींत आहे, असें मला वाटतें.

दुसरा प्रसंग याच सुमाराचा. चौदा वर्षांचे कार्टर आपल्या दोन कृष्णवर्णी मित्रांबरोबर कुरणाच्या फाटकापाशीं आले. मित्रांनीं फाटक उघडलें आणि ते बाजूला झाले. याला पुढें जाऊं दिलें. आजवर असें कधीं घडलें नव्हतें. मुलाला प्रथम वाटलें, यांत कांहीं खोडी असावी, पुढें दोरी बांधलेली असावी. तशी कांहीं नव्हती. तीं मुलें आतां मोठीं होऊं लागलीं होतीं, आणि मोठ्यांनीं कसें वागावयाचें हें त्यांच्या आईबापांनीं त्यांना शिकविलें असावें. त्या दिवसापासून पूर्वींची बरोबरी संपली. त्याविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं. कार्टरही बोलले नाहींत. ते फाटकांतून पुढें गेले.

पुढें कित्येक वर्षें ते असेच पुढें जात राहिले. अ‍ॅनापोलिसच्या आरमारी विद्यालयांतून १९४६ सालीं ते बाहेर पडले. त्याच वर्षीं ७ जुलैला त्यांनीं गांवच्याच रोझलिन स्मिथ हिच्याशीं विवाह केला. या वधूची गंमत अशी कीं तिच्या जन्माच्या वेळीं सुईणपण करावयास कार्टर यांची परिचारिका आईच गेली होती, आणि पाळण्यांतली ती मुलगी पाहावयास तीन वर्षांच्या जिमीला नेलें होतें. मग पाणबुड्या, अणुशक्ति, कडक शिस्तीचे वरिष्ठ अधिकारी रिकोव्हर. हा भाग मी लवकर ओलांडतों. १९५३ सालीं वडील कर्करोगानें अंथरुणाला खिळले तेव्हां कार्टर रजा घेऊन घरीं आले. शेवटच्या दिवसांत त्या अंथरुणाशीं माणसांची रीघ लागली, गोऱ्यांची आणि काळ्यांचीही. कोणी सांगे, साहेबांनीं माझ्या मुलाला कपडे घेऊन दिले. कोणी सांगे, माझें कर्ज मागे ठेविलें. घरच्यांनाही या गोष्टींचा पत्ता नव्हता. आणि हे अर्लसाहेब वर्णभेदाचे कट्टर अभिमानी! मुलानें दोन्ही गोष्टी पाहिल्या. आरमारांत मी कितीही वर चढलों तरी माझ्या मरणाला एवढीं माणसें येतील काय, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं राजीनामा दिला. रोझलिनबाई या निर्णयावर अतिशय रुष्ट झाल्या होत्या, हेंही नमूद करून ठेवावें. नवऱ्याच्या भल्या निर्णयाची किंमत बायको देत असते.

प्लेन्सला परतले तों १९५४ च्या दुष्काळानें गांठलें. वर्षाची मिळकत जवळजवळ कांहींच नाहीं. सरकारी चाळवजा घरांत बिऱ्हाड. याच सुमारास वेगळ्या शाळांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि दक्षिणेंतल्या गोऱ्यांनीं गांवोगांव आपल्या संघटना काढल्या. प्लेन्समध्येंही निघाली. गांवांतले बहुतेक प्रतिष्ठित गोरे सभासद झाले. कार्टर झाले नाहींत. मित्र म्हणाले, वर्गणी पांचच डॉलर आहे, तुमच्यातर्फे आम्ही भरतों. त्यांनीं नकार दिला, आणि कांहीं काळ गिऱ्हाइकांनीं त्यांच्या वखारीवर बहिष्कार घातला. १९६५ सालीं त्यांच्या चर्चमध्यें, काळ्या लोकांना आंत घेऊं नये, असा ठराव आला. विरुद्ध मतें अवघीं सहा पडलीं. त्यांतलीं बहुतेक कार्टर यांच्या घरचीं होतीं.

हें सर्व खरें. आणि तरीही यांतलें कांहीं फार मोठें नाहीं. त्याच वर्षांत त्यांच्याच जॉर्जियाचे मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगांत जात होते, प्लेन्सपासून फारशा दूर नसलेल्या ऑल्बनी शहरांत शेंकडों माणसें पकडलीं जात होतीं. कार्टर त्या रस्त्यावर उतरले नाहींत. १९६६ सालीं ते गव्हर्नरपदाच्या निवडणुकींत हरले आणि त्या पदावर वर्णद्वेषाचा उघड पुरस्कर्ता लेस्टर मॅडॉक्स बसला. १९७० सालीं ते पुन्हा उभे राहिले, त्या वेळीं तर त्यांनीं वर्णभेदवाद्यांचीं मतें मिळतील अशा बेतानें प्रचार केला. त्यांचे चरित्रकार हें लपवीत नाहींत, आपणही लपवूं नये. काळ्या मतदारांपैकीं फारच थोड्यांनीं त्या प्राथमिक फेरींत त्यांना मत दिलें. ते निवडून आले.

आणि मग १२ जानेवारी १९७१ रोजीं, शपथविधीनंतरच्या भाषणांत, वर्णभेदाचा काळ आतां संपला, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्यांच्यापैकीं कित्येक जण समोरच बसले होते. कांहीं उठून गेले. १९७४ सालीं किंग यांची तसबीर संस्थानच्या विधानभवनांत लागली, तेव्हां बाहेर कू क्लक्स क्लॅनचे लोक निषेध करीत होते. पुढें राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनीं मध्यवर्ती न्यायालयांत जितक्या स्त्रिया आणि जितके कृष्णवर्णी न्यायाधीश नेमले तितके त्यांच्या आधींच्या सर्व अध्यक्षांनीं मिळून नेमले नव्हते. किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग यांना त्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघांत अमेरिकेचे प्रतिनिधि केलें. चौदाव्या वर्षीं जें फाटक ओलांडलें तेथें परत येऊन उभें राहावयाला त्यांना सेहेचाळीस वर्षांचें वय गांठावें लागलें. हा विलंब क्षम्य कीं अक्षम्य, याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नव्हे. ज्यांना परसदारानें यावें लागलें त्यांचा आहे. एवढें खरें कीं त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं १९७६ सालीं कार्टर यांच्या पदरांत मतें टाकलीं, आणि किंग यांच्या वृद्ध पित्यानें त्यांची पाठराखण केली.

त्या घरांत एक व्यक्ति मात्र अशी होती जिनें फाटकाचा नियम कधींच मानला नाहीं. ती म्हणजे कार्टर यांची आई लिलियनबाई. आर्चरीला शेजारच्या कृष्णवर्णी बिशपचा शिकलेला मुलगा घरीं येई तो पुढच्या दारानें, आणि बाई त्याला बैठकींत बसवीत. अर्ल तेवढ्यापुरते घराबाहेर निघून जात. वैधव्यांत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, या बाईंनीं शांतिसेनेंत नांव नोंदविलें, आणि त्या आल्या कोठें, तर आपल्या मुंबईला, विक्रोळीला! १९६६ च्या अखेरीपासून सुमारें पावणेदोन वर्षें त्या तेथल्या गोदरेज वसाहतींत होत्या. प्रथम कुटुंबनियोजनाचें काम, मग दवाखान्यांत. सकाळपासून दाराशीं रांग. खरूज, देवी, कुष्ठरोग. महारोग्याला हात लावतांना त्या आरंभीं कचरल्या. मग कचरेनाशा झाल्या. विक्रोळीहून त्यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें पुढें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. मुलगा तेव्हां निवडणूक हरून खिन्न मनानें घरीं बसला होता. तीं पत्रें त्याच्या हातीं पडत होतीं, आणि पुढें त्यानें जें केलें त्यांत विक्रोळीच्या दवाखान्याचा अंश आहे, असें मीं म्हटलें तर तो मुंबईकराचा अभिमान समजून सोडून द्यावा.

अध्यक्षपदाच्या चार वर्षांचा पाढा मी येथें वाचीत नाहीं. पण एक प्रसंग सांगतों. १९७८ च्या सप्टेंबरांत कॅम्प डेव्हिड येथें इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना त्यांनीं तेरा दिवस एकत्र ठेविलें. शेवटच्या दिवशीं बोलणीं मोडलीं. बेगिन सामान बांधून निघाले. निघण्यापूर्वीं त्यांनीं नातवंडांसाठीं कार्टर यांच्या सहीचीं छायाचित्रें मागितलीं होतीं. कार्टर यांनीं चिटणीसबाईंकडून त्या आठही नातवंडांचीं नांवें मिळविलीं, एकेका चित्रावर एकेक नांव घालून सही केली, आणि तीं स्वतः नेऊन दिलीं. बेगिन एकेक नांव वाचूं लागले आणि त्यांचा कंठ दाटला. त्यानंतर बोलणीं पुन्हा सुरू झालीं आणि करार झाला. करार कांहीं छायाचित्रांनीं होत नसतात, हें खरें. त्यामागें तेरा दिवसांचे नकाशे आणि मसुदे होते. परंतु आठ नांवें विचारून घेण्याची बुद्धि सगळ्यांनाच होत नाहीं.

याच माणसाची दुसरी बाजूही पाहावी. १९७८ च्या जानेवारींत ते दिल्लीस आले होते. तारापूरच्या अणुवीजकेंद्राला इंधन देण्यावरून मोरारजीभाईंशीं त्यांचें जमेना. परतल्यावर मोरारजींना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहावें, असें ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानांत कुजबुजले. जवळचा ध्वनिक्षेपक मात्र चालूं होता, आणि कुजबूज जगभर पोंचली. ध्वनिक्षेपकापुढें बसणाऱ्यांनीं हा धडा विसरूं नये. त्यानंतर ते गुरगांवजवळच्या दौलतपूर नसीराबाद या खेड्यांत गेले, लोकांत मिसळले, आणि गांवानें आपलें नांवच बदलून कार्टरपुरी ठेविलें. कांटेकोरपणा आणि मोकळेपणा असे दोन्ही त्यांच्यांत होते. काँग्रेसमधल्या पुढाऱ्यांना त्यांचा कांटेकोरपणाच अधिक भोंवला. लोकांशीं हंसून बोलणारा हा गृहस्थ राजकारणांतल्या देवघेवींत मात्र ताठर होता, आणि त्याची किंमत त्यानें मोजली.

सगळ्यांत मोठी किंमत तेहरानांत मोजावी लागली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेथील अमेरिकन वकिलातींतलीं माणसें ओलीस धरलीं गेलीं. सुटकेची लष्करी मोहीम फसली आणि आठ सैनिक वाळवंटांत मेले. बावन्न ओलीस ४४४ दिवसांनीं, सगळे जिवंत, सुटले. तेही २० जानेवारी १९८१ रोजीं, कार्टर पदावरून उतरल्यावर कांहीं मिनिटांनीं. पन्नासांपैकीं चव्वेचाळीस संस्थानांत ते हरले होते. घरीं आले तों भुईमुगाची वखार कर्जांत बुडालेली. वय छप्पन्न.

येथून पुढची चाळीसांहून अधिक वर्षें तर लोकांना ठाऊकच आहेत. पण त्यांतली एक गोष्ट आपल्या लोकांनीं विशेष ऐकण्यासारखी आहे. ती नारूची. आपल्या खेड्यांतल्या वृद्धांना नारू हा शब्द ऐकतांच अजून शहारे येतील. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरावें, त्या पाण्यांतल्या डोळ्यांस न दिसणाऱ्या पाणपिसवांतून अळ्या पोटांत जाव्या, आणि वर्षभरानें पायाला फोड येऊन त्यांतून हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा बाहेर पडूं लागावा. ओढला तर तुटतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढावयाचा. आग शमावी म्हणून रोग्यानें पाय पाण्यांत घातला कीं अळ्या पुन्हा पाण्यांत. औषध नाहीं, लस नाहीं. उपाय म्हणजे पाणी फडक्यानें गाळणें आणि रोग्याला पाणवठ्यांत उतरूं न देणें. भारतानें आपली मोहीम स्वतःच, १९८० नंतरच्या दशकांत, सुरू केली. शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत सांपडला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. तें श्रेय आपल्या आरोग्यसेवकांचें आहे.

कार्टर यांनीं आफ्रिकेचा भार उचलला. १९८६ सालीं जगांत दरसाल सुमारें ३५ लाख माणसांना नारू होत असे. घाना देशांतल्या एका गांवीं गेले असतां एक तरुण स्त्री छातीशीं कांहीं धरून उभी दिसली. मूल असेल असें वाटून ते जवळ गेले. तो तिचा सुजलेला स्तन होता आणि त्यांतून नारू बाहेर पडत होता. त्या दिवसानंतर त्यांनीं हा विषय कधीं सोडला नाहीं. मंत्र्यांना भेटावें, गाळण्याचें कापड मिळवावें, पुन्हा तीच गांवें पाहावीं. १९९५ सालीं सुदानांतल्या यादवींत दोन्ही बाजूंना समजावून त्यांनीं कांहीं महिने लढाई थांबविली, ती या रोगाचें काम करतां यावें म्हणून. २०२४ सालीं साऱ्या जगांत नारूचे रोगी पंधरा उरले होते. शेवटचा नारू माझ्याआधीं मरावा, असें त्यांनीं नव्वदीनंतर, स्वतःला कर्करोग झाला असतांना, बोलून दाखविलें होतें. तेवढें त्यांच्या वांट्याला आलें नाहीं.

हीं माणसें अशीं होतीं कीं ज्यांच्याकडून मत मिळावयाचें नव्हतें, पैसा मिळावयाचा नव्हता, आणि ज्यांचीं गांवें नकाशावर शोधावीं लागत. जिव्हाळ्याला जें एके काळीं कुंपण होतें तें आतां कोठें दिसत नव्हतें. बेघरांना घरें बांधून देणाऱ्या संस्थेबरोबर ते दरवर्षीं आठवडाभर हातांत हातोडा घेऊन काम करीत. २००६ सालीं, ब्यायशींव्या वर्षीं, ते आणि रोझलिनबाई याच कामासाठीं आपल्या लोणावळ्याजवळ आले होते. तेथें शंभर घरें उभीं राहिलीं. सुतारकामांत त्यांचा हात चांगला होता, आणि कामाच्या वेळीं गप्पा मारणारा स्वयंसेवक त्यांना खपत नसे, असें सांगतात. छायाचित्रांतलें तें प्रसिद्ध हास्य काम संपल्यावरचें.

गांवीं ते १९६१ सालीं बांधलेल्या त्याच साध्या घरांत राहिले. गांवच्या मॅरानाथा चर्चमध्यें रविवारीं सकाळीं बायबलचा वर्ग घेत. दूरदूरची माणसें पहांटेपासून दाराशीं बसत. वर्गाआधीं ते विचारीत, तुम्ही कोठून आलां? आणि आंत येणाऱ्याला रंग विचारला जात नसे. दानपात्रें त्यांनीं स्वतः लांकडाचीं बनविलीं होतीं. स्त्रियांना धर्मोपदेशक होतां येऊं नये, अशी भूमिका त्यांच्या पंथाच्या महामंडळानें घेतली तेव्हां, २००० सालीं, कित्येक वर्षांचा संबंध त्यांनीं जाहीरपणें तोडला. या वेळीं मात्र त्यांनीं उशीर केला नाहीं.

रोझलिनबाई १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं गेल्या. संसार सत्त्याहत्तर वर्षांचा. त्यांच्या अंत्यविधीला कार्टर चाकांच्या खुर्चींत, अंगावर शाल घेऊन, मुकाट बसले होते. स्वतः त्यांनीं औषधोपचार त्याच वर्षीं आरंभीं थांबविले होते. डॉक्टरांना वाटलें त्याहून फार दिवस ते जगले.

त्यांची अंत्ययात्रा ४ जानेवारी २०२५ रोजीं निघाली ती राजधानीकडे जाण्यापूर्वीं आर्चरीच्या शेतावर थांबली. तेथील जुनी घंटा एकोणचाळीस वेळां वाजविली गेली, कारण ते एकोणचाळिसावे अध्यक्ष. पूर्वीं ही शेतावरची घंटा पहांटेच्याही आधीं वाजविण्याचें काम जॅक क्लार्क यांच्याकडे असे. त्याच क्लार्क यांच्याकडे, ज्यांच्या झोंपडींत हा मुलगा निजत असे.

वॉशिंग्टनच्या सभेंत एक विलक्षण गोष्ट घडली. १९७६ सालीं ज्यांना हरवून कार्टर अध्यक्ष झाले त्या जेरल्ड फोर्ड यांच्याशीं पुढें त्यांचा घट्ट स्नेह जडला होता, आणि एकमेकांच्या अंत्यविधीला बोलावयाचें असें दोघांनीं ठरविलें होतें. फोर्ड २००६ सालीं गेले, आणि कार्टर बोलले. फोर्ड यांनीं आपलें भाषण मात्र आधींच लिहून ठेविलें होतें. अठरा वर्षांनंतर तें त्यांच्या मुलानें वाचून दाखविलें. उपाध्यक्ष मॉंडेल २०२१ सालीं वारले. त्यांचेंही भाषण त्यांच्या मुलानें वाचलें. किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग, बसूनच, बोलले.

त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यांना प्लेन्सला परत आणलें आणि घराच्या आवारांत, रोझलिनबाईंच्या शेजारीं, पुरलें.